बर्फातली झोपडी, बाटल्यांचा विमानप्रवास आणि नाशिकच्या काकांची ट्रंक

मागच्या अंकात मी केप इव्हान्सच्या झोपडीवर दोन पानं लिहिली होती, म्हणजे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर निघालेला ब्रिटिश कॅप्टन स्कॉट आणि त्याची माणसं १९११ मध्ये अंटार्क्टिकात ज्या लाकडी झोपडीत राहिली ती, आणि शंभरावर वर्षं उलटली तरी आतल्या डब्याबाटल्यांसकट ती कशी सांभाळली जाते त्याबद्दल. वाटलं होतं चार जण वाचतील आणि पान उलटतील, पण मेलबॉक्स भरला की हो. त्यातल्या निम्म्या लोकांना व्हिस्कीबद्दलच विचारायचंय, मी एका ओळीत उल्लेख काय केला, चूक माझीच. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, आठ निवडलेत. आणि एक आधीच सांगून टाकते, मी स्वतः अंटार्क्टिकाला गेलेले नाही. माझं आयुष्य गेलं म्युझियमच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये गंज खरवडण्यात आणि बुरशी पुसण्यात, त्यामुळे ध्रुवावर आधी कोण पोचलं यात मला फारसा रस नाही, त्यांच्या डब्यांचं पुढं काय झालं यात आहे.

ताई, राग मानू नका, स्पष्टच विचारतो. जिथं पेंग्विन सोडून कोणी राहत नाही तिथल्या झोपडीवर एवढा खर्च कशाला? आपल्याकडे गावोगावचे वाडे पडतायत. सामान उचलून म्युझियममध्ये ठेवा, विषय संपला.
– एक निवृत्त शिक्षक, सोलापूर

सर, राग कसला, हा प्रश्न मला घरातही विचारतात. पैशांचं म्हणाल तर तो आपल्या खिशातून जात नाही, न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्ट म्हणून १९८७ पासून एक संस्था आहे, ती देणग्या वगैरे जमवून हे करते. पण तुमचा खरा मुद्दा तो नाही, खरा मुद्दा "उचलून आणा" हा आहे.

आता वाड्याचं उदाहरण तुम्हीच काढलंत म्हणून. वाडा पाडताना दिंडी दरवाजा विकतात, तो एखाद्या रिसॉर्टच्या रिसेप्शनमागे भिंतीला टेकवून उभा करतात, बघितलं असेल तुम्ही. लाकूड तेच, कड्याकोयंडे तेच, पण त्या दारातून कोणी आत येत नाही की बाहेर जात नाही. केप इव्हान्सचं सामान उचललं तर तसंच होईल. ही झोपडी साधारण ५० फूट बाय २५ फूट, भिंतीला दुहेरी फळ्या आणि मधे समुद्री शेवाळ गोणपाटात शिवून घातलेलं, अगदी गोधडी घातल्यासारखं, थंडी आत येऊ नये म्हणून. आत २५ माणसं. आणि या एवढ्याशा जागेत स्कॉटने सामानाच्या खोक्यांची आडवी भिंत रचली होती, एका बाजूला ऑफिसर आणि शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला खलाशी. बाहेर जीव घेणारी थंडी, आणि आत हे लोक तुझी बाजू-माझी बाजू करतायत! आता ती खोकी म्युझियममध्ये आणली की काय उरलं, खोकीच. ती भिंत होती हे कळायला ती तिथंच, त्याच जागी पाहिजेत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, मागच्या वेळी जागेअभावी राहिली. आपण "स्कॉटची झोपडी" म्हणतो पण तिथं स्कॉटनंतरही माणसं राहिली. १९१५ च्या मे महिन्यात शॅकल्टन या दुसऱ्या ब्रिटिश मोहीमवीराच्या मोहिमेचं एक जहाज, अरोरा, वादळात दोर तुटून वाहून गेलं आणि किनाऱ्यावरची दहा माणसं अडकली. अंगावरचे कपडे आणि थोडंफार सामान, बाकी सगळं जहाजावर. त्यांनी स्कॉटच्या लोकांनी मागे टाकलेलं खाल्लं, त्यांचे टाकून दिलेले कपडे शिवून घातले, सीलची चरबी जाळून राहिले, आणि तशातही खंडाच्या दुसऱ्या बाजूने येणार असलेल्या शॅकल्टनसाठी ठरलेल्या जागी अन्नाचे साठे ठेवून आले, जो शॅकल्टन त्या वाटेने कधी आलाच नाही कारण त्याचं स्वतःचं जहाज दुसऱ्या बाजूला बर्फात अडकून बुडालं होतं. तिघं मेले. त्यांच्यातल्या एकाने, रिचर्ड्सने, आपल्या बंकच्या फळीवर पेन्सिलीने तारीख घातली, ऑगस्ट १९१६, आणि खाली लिहिलं "आतापर्यंत गेलेले" आणि पुढं तीन नावं. बाकीच्या सातांना १९१७ च्या जानेवारीत नेलं.

आता समजा कोणी ठरवलं असतं की स्कॉट प्रसिद्ध आहे, तर झोपडी अगदी १९११ सारखी चकाचक करू, चरबीची काजळी पुसू, फळ्या घासू. म्हणजे ती तीन नावं गेली असती. काय वाचवायचं हे ठरवताना कोणाची गोष्ट सांगायची हेही ठरतं, आणि ते बहुतेक वेळा ब्रश हातात घेतलेल्या माणसाच्या लक्षातही येत नाही. (आमच्याकडे एका लोखंडी पेटीला कोणीतरी मोठ्या उत्साहाने घासून तेलपाणी केलं होतं, नाव घेत नाही, पेटी आरशासारखी झाली आणि झाकणावरचं रंगवलेलं नाव कायमचं गेलं. अजून आठवलं की पोटात कालवतं.)

वाड्यांबद्दल मात्र सर, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण झोपडी पाडून वाडा वाचत नाही ना.

मॅडम, बेसिक डाउट. फ्रीजरमध्ये ठेवलेली गोष्ट खराब होत नाही. अंटार्क्टिका म्हणजे जगातला सगळ्यात मोठा फ्रीजर. मग सांभाळायचं काय त्यात?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

डाउट चांगला आहे, आणि बरीच वर्षं मोठमोठ्या लोकांनाही असंच वाटायचं. पण फ्रीजरचं दार बंद असतं रे, आत ऊन नाही, वारा नाही, समुद्र नाही. तिथं उन्हाळ्यात चोवीस तास सूर्य. काळं पडलेलं लाकूड तापतं, भिंतीला लागलेला बर्फ वितळतो, पाणी फळ्यांच्या फटीत शिरतं आणि परत गोठतं, गोठताना फुगतं, फट मोठी होते, पुढच्या वर्षी जास्त पाणी. समुद्र अगदी दारात, त्यामुळे हवेत मीठ, मिठाने लाकडाचे तंतू सुटे होतात, फळीवर कापसासारखं काहीतरी उगवल्यागत दिसतं. आणि बुरशी! मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी या झोपड्यांच्या लाकडाचे नमुने तपासले तर जिथं लाकूड जमिनीला टेकलंय तिथं बुरशीने आतून पोखरलेलं निघालं. मुंबईच्या पावसाळ्यात जे चार महिन्यांत होतं ते तिथं शंभर वर्षांत होतं, एवढाच फरक.

डब्यांचं तर विचारू नकोस. पत्र्याचा डबा, बाहेरून मिठाचा गंज आणि आतून जॅम नाहीतर मटण, आंबट असेल तर तेही पत्रा खातं. लेबल कागदाचं, ते सुटून पडतं. मग हे संवर्धन करणारे लोक काय करायचे, एकेक वस्तूचा फोटो काढून, ती नेमकी कुठं कशी ठेवलीय ते नोंदवून, तिथून सुमारे २५ किलोमीटरवरच्या न्यूझीलंडच्या स्कॉट बेसवर न्यायची. आणि काम कधी, तर हिवाळ्यात, जेव्हा तिथं चारेक महिने सूर्यच उगवत नाही आणि विमानं जवळपास बंद असतात. दिव्याच्या उजेडात बसून एका डब्याचा गंज काढायचा, म्हणजे पूर्ण काढायचा नाही, थांबवायचा, वर संरक्षणाचा पातळ थर द्यायचा, लेबल परत चिकटवायचं, आणि उन्हाळा आला की तो डबा त्याच फळीवर त्याच जागी, तोंड त्याच बाजूला. असं करत रॉस समुद्राच्या काठच्या झोपड्यांमधल्या (केप इव्हान्सची त्यातलीच एक) १८ हजारांहून जास्त वस्तू झाल्या. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा माझीच पाठ दुखायला लागली.

यात मधूनच लॉटरी लागते. २०१३ मध्ये केप इव्हान्सच्या डार्करूममध्ये निगेटिव्हचा एक घट्ट चिकटलेला गठ्ठा मिळाला, पार वीट झालेली. वेलिंग्टनला नेऊन एकेक सोडवली, २२ निघाल्या, आणि धुतल्यावर त्यात त्याच अडकलेल्या दहा जणांच्या मोहिमेचे फोटो, अरोराच्या डेकवर उभा राहिलेला माणूस वगैरे. सुमारे शंभर वर्षं कोणी डेव्हलप न केलेले. आणि २०१७ मध्ये केप अडेरच्या झोपडीत हंटले अँड पामर्सचा फ्रूटकेक, १०६ वर्षांचा, डबा गंजून गेलेला पण कागदात गुंडाळलेला केक शाबूत, दिसायला खाण्यासारखा, अगदी नाक जवळ नेलं तर तेवढा खवट लोण्याचा वास. म्हणजे तुझी फ्रीजर थिअरी केकपुरती बरोबर आहे, डब्यापुरती चूक.

व्हिस्कीची गोष्ट खरी का? पूर्ण सांगा. मित्रांमध्ये पैज लागलीय.
– नागपूर

(असे अकरा मेल आहेत, सगळ्यांचं उत्तर इथंच.)

खरी. ही झोपडी स्कॉटची नाही, शॅकल्टनची, केप रॉइड्सला, १९०८ ची. तिच्या फरशीखाली बर्फात रुतलेली खोकी दिसली, २०१० मध्ये पाच बाहेर काढली, तीन व्हिस्कीची, दोन ब्रँडीची. त्यातलं व्हिस्कीचं एक खोकं ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये नेऊन हळूहळू कित्येक दिवस घेऊन वितळवलं, एकदम उबेत आणलं असतं तर लेबलं, बूच, गवताची वेष्टनं सगळी गेली असती. आत बाटल्या, मॅकिनलेची स्कॉच, आतला माल पातळच, कारण अल्कोहोल ४७ टक्क्यांच्या वर, तो तिथल्या थंडीतही घट्ट गोठत नाही.

आणि आता तुमच्या पैजेचा भाग: त्यातल्या तीन बाटल्या तपासायला स्कॉटलंडला गेल्या त्या विजय मल्ल्यांच्या खाजगी विमानाने, २०११ च्या जानेवारीत. हो, तेच. तेव्हा तो ब्रँड ज्या कंपनीकडे होता ती कंपनी त्यांच्या ग्रुपची होती. तिथं बूच न काढता त्यातून सुई घालून थोडी थोडी काढली, तपासली, चाखली, आणि तशाच चवीची नवीन बनवून विकली, त्यातला काही भाग ट्रस्टला दिला. मूळ बाटल्या मात्र नाही विकल्या, त्या २०१३ मध्ये परत अंटार्क्टिकाला गेल्या, फरशीखाली ठेवायला. परवानगीच त्या अटीवर होती, दुरुस्तीसाठी न्या आणि परत आणा.

पैज कोणी जिंकली ते कळवा, आणि कशाची होती तेही.

माझे पणजोबा महूच्या छावणीत कारकून होते. आजोबा सांगायचे की महूचा एक गोरा कॅप्टन दक्षिण ध्रुवावर जाऊन मेला. यात तथ्य आहे का?
– इंदूर

आहे! कॅप्टन ओट्स. इनिस्किलिंग ड्रॅगून्स या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये होता आणि महूला असतानाच त्याने स्कॉटकडे अर्ज केला. आपल्याला महू म्हटलं की बाबासाहेबांचं जन्मगाव आठवतं, ओट्स कोणाला माहीत नसतो, पण तोही त्याच छावणीतून गेला. मोहिमेत त्याच्याकडे घोडे होते. ध्रुवावरून परतताना पाय सडले, आपल्यामुळे बाकीचे मागे पडतायत हे कळल्यावर १९१२ च्या मार्चमध्ये तो तंबूतून वादळात निघून गेला आणि सापडलाच नाही. वय ३२ च्या आसपास.

पण इंदूरकर, भारताचा याहून मोठा संबंध वेगळाच आहे आणि तो कोणी सांगत नाही. दुसऱ्या वर्षासाठी स्कॉटने खेचरं मागवली होती, ती भारत सरकारने पाठवली, शिमल्याला तयार केलेली सात हिमालयी खेचरं. नावं ऐका: लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहेब. ती पोचली तेव्हा स्कॉट ध्रुवावरून परतीच्या वाटेवर होता. त्याने त्यांना पाहिलंच नाही. १९१२ च्या ऑक्टोबरअखेर जी शोधतुकडी निघाली तिच्यात ही खेचरं होती, आणि १२ नोव्हेंबरला परतताना मेलेल्या स्कॉटचा तंबू सापडला. झोपडीला लागून तबेला अजून उभा आहे, आत गव्हाणी तशाच. मला कधी जायला मिळालं तर मी आधी तिथं जाईन, स्कॉटच्या टेबलापाशी नंतर.

आम्हाला तिथं जाता येईल का? आत सोडतात का?
– ठाणे

येईल, पैसे असतील तर आणि बोट लागत नसेल तर. रॉस समुद्राकडे जाणाऱ्या फेऱ्या मोजक्या आणि लांबच्या. आत सोडतात पण कुलूप उघडायला जबाबदार माणूस बरोबर लागतो, बूट ब्रशने झाडून घ्यायचे कारण तिथली ज्वालामुखीची खडी फरशीला सँडपेपरसारखी घासते, पाठीवरची बॅग बाहेर, काही उचलायचं नाही, वहीत नाव लिहायचं. शॅकल्टनच्या झोपडीत एका वेळी फक्त आठ जण. श्वासातल्या ओलीचाही हिशोब असतो, आपण सिद्धिविनायकाच्या रांगेत असतो तसं नाही चालत. अर्जेंटिनाच्या बाजूने गेलात तर पोर्ट लॉकरॉय लागतं, ब्रिटिशांचा १९४४ चा तळ, आता म्युझियम, दुकान आणि पोस्ट, आणि पायऱ्यांपर्यंत जेंटू पेंग्विन. परवडत नसेल तर (मलाही नाही) गूगल स्ट्रीट व्ह्यूवर स्कॉट आणि शॅकल्टनच्या झोपड्या २०१२ पासून आतून बघता येतात. वास येत नाही एवढंच.

तुमचा लेख आवडला पण एक खटकलं. तुमच्यासाठी ध्रुव म्हणजे गोऱ्या पुरुषांच्या झोपड्या. मी इथं उत्तर कॅनडात नर्स होते, आर्क्टिकमध्ये माणसं हजारो वर्षं राहतायत. त्यांच्या वारशाचं काय?
– एक वाचक, सध्या टोरंटो

बरोबर पकडलंत, आणि बचाव करत नाही. अंटार्क्टिकात मूळ रहिवासी कधी नव्हतेच म्हणून तिथं झोपड्यांपासून सुरुवात होते, पण मी मागच्या लेखाच्या शीर्षकात "ध्रुवीय वारसा" म्हटलं होतं आणि आत अर्धाच ध्रुव दिला.

तुम्हाला ठाऊकच असेल, पण बाकीच्यांसाठी सांगते. १८४५ मध्ये फ्रँकलिन नावाचा ब्रिटिश अधिकारी एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं आणि शेवटी १२९ माणसं घेऊन कॅनडाच्या उत्तरेला गेला, एकही परत आला नाही. १८५४ मध्ये जॉन रे नावाच्या डॉक्टरने तिथल्या मूळ रहिवासी इनुइट लोकांकडून ऐकलेलं लंडनला कळवलं: माणसं भुकेने मेली, शेवटी शेवटी मेलेल्यांचं मांस खाल्लं. लंडनमध्ये गदारोळ. खुद्द कादंबरीकार डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लिहिलं की रानटी लोकांच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा. पुढं हाडं मिळाली, त्यांवर सुरीच्या खुणा होत्या. आणि जहाजं? इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते एक जहाज इकडे बुडालं, एक तिकडे. एरेबस २०१४ मध्ये मिळालं, ते सांगत होते त्याच भागात. टेरर २०१६ मध्ये, ग्योआ हेवन गावच्या एका इनुइट माणसाने सांगितलं की काही वर्षांपूर्वी मासे धरायला जाताना बर्फातून वर आलेला डोलकाठीसारखा खांब पाहिला होता, तिकडे बोट वळवली तर खाली अख्खं जहाज. म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं उत्तर तयार होतं, फक्त विचारणाऱ्यांना ते आजीच्या गोष्टी वाटत होते. आपल्याकडेही गडाखालच्या वाडीतली म्हातारी सांगते इथं वाट होती, आणि आपण नकाशात शोधत बसतो, असं झालंय ना कितीदा.

आता तिथं फरक पडलाय. त्या दोन्ही जहाजांच्या जागा कॅनडाचं पार्क खातं आणि इनुइट मिळून बघतात, ग्योआ हेवनचे लोक उन्हाळ्यात तिथं राखणीला तंबू टाकून असतात.

आणि दुसरं उदाहरण मला याहून आवडतं, अलास्काच्या बेरिंग किनाऱ्यावरच्या क्विनहागाक गावाचं. गावाशेजारच्या किनाऱ्यातून लाकडी बाहुल्या, मुखवट्यांचे तुकडे पडायला लागले, कारण कायम गोठलेली जमीन सुटत होती आणि समुद्र काठ खात होता. ते त्यांच्याच युपिक पूर्वजांचं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं गाव, नुनालेक. थांबलं तर समुद्र नेणार, खणलं तर पूर्वजांची जागा उकरणार. शेवटी गावाने विद्यापीठाला बोलावलं, २००९ पासून खणायला लागले, एक लाखाच्या घरात वस्तू निघाल्या, आणि त्या कुठल्या मोठ्या शहरात नाही गेल्या, गावातल्याच जुन्या शाळेत २०१८ मध्ये म्युझियम केलं. पोरं ड्रॉवर उघडून बघतात, मोठी माणसं जुनं हत्यार हातात घेऊन सांगतात हे असं नाही, असं धरायचं. मगाशी मी सोलापूरच्या सरांना म्हटलं वस्तू जिथं आहे तिथंच राहू द्या, पण इथं "तिथंच" म्हणजे ती जमीन नाही, जमीन तर समुद्रात चाललीय, इथं "तिथंच" म्हणजे ती माणसं.

शंभर वर्षांपूर्वीचा रिकामा डबा वारसा आणि मी समुद्रावर टाकलेला डबा कचरा. हे कोण ठरवतं?
– रत्नागिरी

आधी तो डबा उचला!

पण प्रश्न मस्त आहे, आणि याला एका ठिकाणी चक्क सरकारी तारीख आहे. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर कायदा असा की १९४६ च्या आधीची माणसाची कुठलीही खूण आपोआप संरक्षित. खिळा, तुटकी घसरगाडी, कोळशाच्या वाघिणीचं चाक, काहीही, आणि भोवती शंभर मीटरपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे १९४५ चा डबा वारसा आणि १९४७ चा डबा भंगार, बाजूबाजूला पडलेले असले तरी. हास्यास्पद वाटतं, पण कुठंतरी रेघ मारावी लागते. तिथल्याच न्यू-ऑलसुंद गावात आपलं हिमाद्री संशोधन केंद्र आहे २००८ पासून, गोव्यातून आपले शास्त्रज्ञ जातात, आणि गावाच्या कडेला १९२६ मध्ये अमुंडसेनचं (स्कॉटच्या आधी दक्षिण ध्रुवावर पोचलेला नॉर्वेचा माणूस) हवाई जहाज ज्याला बांधलं होतं तो लोखंडी मनोरा अजून उभा आहे.

अंटार्क्टिकात जरा गोची झाली होती. १९९१ मध्ये माद्रिदला पर्यावरणाचा करार झाला, त्यात ज्याने कचरा केला त्याने उचलून न्यायचा असं ठरलं. फार चांगलं, पण तसं सरसकट केलं असतं तर स्कॉटची झोपडीही कचऱ्यातच! म्हणून ऐतिहासिक ठिकाणांची वेगळी यादी, त्यात नाव असलं की हलवायचं नाही. आणि त्या यादीत ४४ नंबरला आपण आहोत, ते पुढच्या उत्तरात.

माझे काका ऐंशीच्या दशकात आपल्या अंटार्क्टिका मोहिमेला गेले होते. वयाने थकलेत. त्यांची एक ट्रंक आहे, त्यात स्लाइड्स, पाकिटं, डायरी, जाडजूड जॅकेट, एक दगड. घर रिकामं करतोय. भाऊ म्हणतो भंगारात द्या. काय करू?
– नाशिक

भावाला सांगा ताईंनी हात जोडलेत.

बघा, पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून निघाली, पोलर सर्कल नावाच्या नॉर्वेच्या जहाजावर, डॉ. कासिम प्रमुख, २१ माणसं. ९ जानेवारी १९८२ ला उतरली. तिथं त्या माणसांच्या नावांची पाटी लावली, तीच यादीतली ४४ नंबरची जागा. मग दक्षिण गंगोत्री हा तळ बांधला, पण तो होता बर्फाच्या थरावर, वर्षावर्षाला बर्फ साचून आत जात गेला, १९९० मध्ये सोडून द्यावा लागला, आणि मैत्री तळ खडकावर बांधला. म्हणजे स्कॉटची झोपडी तुम्ही आत जाऊन बघू शकता, आपला पहिला तळ बर्फाखाली गेला. तो कसा होता, आत कुठं काय होतं, हे आता फक्त तुमच्या काकांसारख्यांच्या डोक्यात आणि ट्रंकांमध्ये आहे. म्हणून म्हणतेय भंगार नको.

आता कामाचं. स्लाइड्स पहिल्या स्कॅन करा, रंग उडत असतात, थांबू नका. पुसू नका, फुंकर मारू नका, थुंकी लागते. डांबराच्या गोळ्या ट्रंकेत असतील तर काढून टाका, प्लॅस्टिकला आणि फिल्मला त्रास होतो, त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या, आणि दर पावसाळ्यात बदला. डायरीला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर अजिबात नको, मी किती जन्मपत्रिका अशा मेलेल्या बघितल्यात. फोटोमागे लिहायचं तर मऊ पेन्सिल, बॉलपेन नाही. पाकिटांवर दक्षिण गंगोत्रीचा शिक्का असेल तर तिकीट कापून काढू नका, अख्खं पाकीट ठेवा, तिथलं पोस्ट १९८४ चं. (आता अंटार्क्टिकातल्या आपल्या भारती या नव्या तळावरही पोस्ट आहे, २०२४ पासून, आणि त्याचा पिनकोड एमएच-१७१८, म्हणजे कागदोपत्री तो महाराष्ट्र सर्कलमध्येच! पत्रं गोव्याला येऊन शिक्का बसतो.) जॅकेट ड्रायक्लीनला देऊ नका, डागासकट राहू द्या, हँगरला न लावता सुती चादरीत सैल गुंडाळून आडवं. दगड आज असा परवानगीशिवाय आणता येत नाही, तेव्हाची गोष्ट वेगळी होती, तर तो लपवू नका आणि बागेतही टाकू नका, चिठ्ठी जोडून ठेवा कुठला आणि कधीचा.

मग वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राला लिहा, आपल्या मोहिमा तेच चालवतात. काय काय आहे त्याची यादी आणि फोटो पाठवा, वस्तू आधी नाही.

पण हे सगळं पुढच्या महिन्यात झालं तरी चालेल. या रविवारी फोनवर रेकॉर्डिंग चालू करून काकांच्या शेजारी बसा आणि एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या. "मोहिमेबद्दल सांगा" असं विचारू नका, त्यावर भाषण मिळतं. अंघोळ किती दिवसांनी करायचात, भांडण कोणाशी व्हायचं, स्वयंपाक कोण करायचं, घरचं पत्र किती दिवसांनी यायचं, असं विचारा. आणि जॅकेट त्यांना देण्याआधी खिसे तपासा. काही मिळालं, गोळीचा कागद का असेना, तर ते कुठल्या खिशात होतं तेही लिहून ठेवा.